नाकातली चमकी

तुम्ही हसताय, पण नर्सिंगच्या सीईटीला दौंडच्या सेंटरवर माझा जीव गेला होता. गेटवरच्या बाई म्हणल्या, "नाकातली चमकी काढ, न्हाईतर आत सोडणार न्हाई." लहानपणीची चमकी, फिरकी काही केल्या निघंना. गेट बंद व्हायला पाच मिनटं. आबांनी मोटारसायकलच्या डिकीतनं पक्कड आणली.

हेच माझे वडील वर्षभर म्हणत होते, "नर्स व्हायला निघालीस, पण रक्त बघवंल का तुला?"

चमकी निघाली, रक्ताचा थेंब ओठावर आला, आन् आबाच मटकन खाली बसले. मी एका हातानं नाकाला रुमाल दाबला, दुसऱ्यानं त्यांना धरलं.

माझा हात घट्ट धरून ते डोळे मिटूनच म्हणाले, "पोरी, रक्त थांबलं का गं?"

"कवाच थांबलं, आबा. आता माझा हात सोडा, गेट लावत्यात."