तारामतीबाई थांबल्या तेवढा वेळ

(लातूरचं एक छोटं रेडिओ केंद्र. दुपार. कार्यक्रम लागायला थोडाच वेळ उरलाय.)

बुद्धप्रिया : थांबव. अगं, थांबव म्हणते ना! मागं घे जरा.

श्रद्धा : ताई, आता परत ऐकत बसायला वेळ नाही हो. एकला लागतंय हे.

बुद्धप्रिया : माझ्या आईचा पहिला स्मृतिदिन, आणि तिचंच भाषण ऐकायला मला वेळ नाही? घे मागं. ती म्हणते बघ, 'नळ सगळ्या गावाचा आहे', तिथं.

श्रद्धा : तिथं तर छानच जमलंय. भाषण हळूहळू खाली जातं आणि तुमचं गाणं वर येतं. काल काय गायलात तुम्ही! आमचे साउंडवाले गुंडप्पा डोळे पुसत होते.

बुद्धप्रिया : गुंडप्पांचं राहू दे. गाणं इथं काहून टाकलंस? शेवटाला पाहिजे म्हणून गाऊन घेतलंस ना माझ्याकडून?

श्रद्धा : भाषण आणि संगीत एकमेकांत मिसळायचं, असंच ठरलं होतं की. नुसतं भाषण कोण ऐकतं आता?

बुद्धप्रिया : हे बघ बाई, ही कॅसेट मी नांदेडहून मांडीवर घेऊन आले. लहानपणापासून ऐकून राहिले, पाठ आहे मला. नळाच्या वाक्यानंतर एक माणूस ओरडतो.

श्रद्धा : टेप जुनी आहे, ताई. तिथं नुसती खरखर...

बुद्धप्रिया : खरखर नाही. माणूस. 'ए तारामते, कोणाची भाकर खाऊन मोठी झालीस गं?' भर सभेत! लोकं फिदीफिदी हसतात. आणि मग माझी आई बोलते. ते कुठं गेलं?

श्रद्धा : आहे. गाण्याच्या खाली आहे.

बुद्धप्रिया : खाली म्हणजे?

श्रद्धा : आवाज अगदी कमी केलाय. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात असलं वाईटसाईट कशाला ऐकवायचं, असं वाटलं मला.

बुद्धप्रिया : त्याचं बोलणं झाकलंस, तिचं उत्तर काहून झाकलं? त्या उत्तरासाठी तर मी आले गं इथं! 'अमृतराव, तुमच्या रानातली ज्वारी माझ्या मायनं काढली. आता भाकर कोणाची, ते तुम्हीच सांगा. सावकाश सांगा, मी थांबते.' आणि खरंच थांबली ती. कोणी हूं का चूं केलं नाही. मग मागून बायांनी गाणं उचललं. जन्मभर भाषणं केली तिनं, पण सगळं गाव गप्प बसलं ते तेवढंच.

श्रद्धा : एवढी शांतता रेडिओवर चालत नाही, ताई. लोकांना वाटतं केंद्रच बंद पडलं. साहेब मला फाडून खातील.

बुद्धप्रिया : खोटं बोलून राहिलीस तू. माझ्याकडं बघ. माझ्याच गळ्यानं माझ्या आईचं तोंड दाबलंस, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस!

श्रद्धा : उत्तर ठेवलं तर नाव पण ठेवावं लागतं.

बुद्धप्रिया : अमृतरावाचं? मग राहू दे की! त्याची काय एवढी काळजी तुला?

श्रद्धा : ते माझे अण्णा आहेत.

बुद्धप्रिया : काय?

श्रद्धा : वडील माझे. मी सासरचं आडनाव लावते, म्हणून तुम्हाला कळलं नाही. टेपवर तो आवाज ऐकला आणि लगेच ओळखला मी. माझ्या जन्माच्या आधीची सभा ती. घरात कोणी कधी बोललंच नाही. ताई, मला शिकवायला सगळ्या भावकीशी भांडलेत हो ते. आणि आता थकलेत.

बुद्धप्रिया : माझी आई पण थकली होती. शेवटी शेवटी तिला बोलताही यायचं नाही. मी टेप लावायची. ती जागा आली की हसायची. तेवढंच हसायची.

श्रद्धा : नका ना असं सांगू.

बुद्धप्रिया : तुझा फोन वाजतोय.

श्रद्धा : अण्णांचाच आहे.

बुद्धप्रिया : उचल. मला पण ऐकू दे.

अमृतराव : हालो! लागतोय न्हवं कार्यक्रम, बाळा? वीरण्णाच्या हाटेलातला रेडू देवळाच्या भोंग्याला जोडलाय बघ. समदं गाव बसलंय. म्हणलं, माझ्या लेकीचं काम हाय, गुमान ऐका!

श्रद्धा : अण्णा, कार्यक्रम कोणावर आहे, ठाऊक आहे का?

अमृतराव : भाषणं करणारी कुणी बाई म्हणलीस की तू.

श्रद्धा : तारामतीबाई. आपल्याच गावच्या. नळाच्या सभेची टेप आहे.

अमृतराव : नळाच्या सभेची?

श्रद्धा : अण्णा?

अमृतराव : टेप व्हती व्हय तिची?

श्रद्धा : हो.

अमृतराव : मी हाय का तिच्यात?

श्रद्धा : आहात.

अमृतराव : लई जुनं झालं गं ते. काढून टाकलं असशील न्हवं तू? शानी हाईस.

श्रद्धा : झाकलं होतं, अण्णा. आत्ता तुमच्याशी बोलता बोलता गाणं तिथून उचललं आणि शेवटाला नेलं.

बुद्धप्रिया : आणि आई थांबते तेवढी जागा?

श्रद्धा : पुरी ठेवलीय, ताई.

अमृतराव : कोण हाय गं तिथं?

श्रद्धा : त्यांची मुलगी.

अमृतराव : पोरी, आगं समदे हायेत हितं. भावकी हाय, पावणे हायेत, बुद्धवाड्यातले बी आलेत. भोंगा बिघडला म्हणून सांगू का मी?

श्रद्धा : भोंगा तुमच्या हातात आहे. माझ्या हातात एवढंच होतं.

अमृतराव : बापाला लोकांत खाली बघाय लावतीस व्हय?

श्रद्धा : त्या पण लोकांतच उभ्या होत्या, अण्णा.