सारखा कर आणि उघडे पाय

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या गिरणीचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती हिशेबनीस, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि यंत्रं बंद करून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

विणकाम खात्याची प्रमुख म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागेल असं वाटत नाही. ज्यांना आपण दशांशकाका म्हणतो, ते कधी ‘अर्धा कप चहा’ म्हणाले नाहीत. ‘शून्य पूर्णांक पाच’ म्हणाले. वहिनी, घरीही असंच चालतं का? हसताहेत, म्हणजे चालतं.

सरकारने सगळ्यांना एकाच दराने, सरसकट दहा टक्के, प्राप्तिकर लावला, ते आठवतंय ना? मालकांना जो दर, तोच ब्लँकेटच्या कडेच्या दशा वळणाऱ्या बाईला. ऐकायला किती छान! माझा कर उतरला, मालकांचा तर चांगलाच उतरला. पण दशा वळणाऱ्या आमच्या बायका पूर्वी जवळजवळ काहीच कर भरत नव्हत्या. त्यांच्या पगाराला कात्री लागली. त्यांच्यातल्या धाकटीने बस सोडली, ती पायी येऊ लागली आणि रोज उशीर होऊ लागला. घरी अंथरुणाला खिळलेली आई. मालकांनी तिला कामावरून काढायचं ठरवलं. अध्यक्षमहाराज, रागावू नका, आज निरोपाचा दिवस आहे.

काका केबिनमध्ये गेले. मी तिथेच होते. त्यांनी मालकांना गोडीगुलाबीने कोचावर आडवं व्हायला लावलं, आपल्याच गिरणीचं ब्लँकेट त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत घातलं आणि पायाकडचा दहावा भाग सरळ कापून टाकला. मालकांचे पाय उघडे पडले.

“अहो, हे काय? असू दे, कपाटात दुसरं आहे,” मालक म्हणाले.

काका म्हणाले, “तिच्याकडे नाही.”

धाकटी कामावर राहिली. शिवाय आम्हा वरच्यांची पगारवाढ थोडी रोखून खालच्यांची तूट भरायची, असं ठरलं. त्यात काकांचीही वाढ गेली. वहिनींच्या मनात तेव्हा स्वयंपाकघर दुरुस्त करायचं होतं, ते राहूनच गेलं. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, असं काका सांगतात. वहिनी नाही नाही म्हणताहेत. कुरकुरल्या होत्या तर! तो त्यांचा हक्कच होता.

काका, तुम्ही आम्हाला फार आवडता हो. पण गेले काही दिवस तुमचं जेवणात लक्ष नाही, असं वहिनी म्हणाल्या. कारण मला ठाऊक आहे. खालच्यांची तूट भरायची ही सोय कुठेच लिहिलेली नाही. दर वर्षी पगारवाढीच्या वेळी तुम्ही केबिनमध्ये जाऊन बसायचात, म्हणून ती चालली. आता कोण जाऊन बसणार?

म्हणून, अध्यक्षमहाराज, सर्वांसमक्ष विचारते. ही सोय पुढेही राहील ना?

मालक उभे राहिलेत. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी मोठ्याने सांगते. ते म्हणाले, “राहील.”

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्या. आणि काका, आज घरी जाऊन पोटभर जेवा.