बाजूला काढलेलं पुस्तक

लायब्ररीसाठी पुस्तकं निवडणं म्हणजे आरामाचं काम, असं तुम्हाला वाटतं ना? मग आमच्या रावपुऱ्यातल्या शाळेत परवा काय झालं ते ऐका. दुकानदारानं पसंतीला पाठवलेली पुस्तकं मी आणि आमच्या मुख्याध्यापिका हेमाबेन चाळत होतो. एका गोष्टीत मुलीचे वडील वारतात. हेमाबेननी ते पुस्तक बाजूला काढलं.

"हे नको. चौथीतल्या रुचाचे पपा नुकतेच गेलेत. तिच्या हाती पडलं तर?"

मधल्या सुट्टीत आम्ही चहा घेऊन परत आलो, तर रुचा जमिनीवर बसून नेमकं तेच वाचत होती. हेमाबेन तिच्याशेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, दुसरं देऊ का?"

"नको. यातल्या मुलीला तिची आई खरं सांगते. मला सगळे म्हणत होते, पपा गावाला गेलेत."

"मग?"

"मग मी रोज गॅलरीत उभी राहायचे."

घंटा झाली तशी रुचा उठायला लागली. हेमाबेननी तिचा हात धरला.

"पूर्ण वाच. मी बसते तुझ्याजवळ."

ते पुस्तक घ्यायचं की नाही, हे मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.