जेवलो, बरा आहो

साकोलीहून सानगडीची बस सुटली आणि तृप्तीच्या मागच्या सीटवर एक म्हातारी आपल्या पोराशी बोलू लागली. अपघातानंतर तो आजच दवाखान्यातून सुटला होता.

"योगेंद्र, तू तं बेसुध होता. मंग 'माय, जेवलो, बरा आहो' असा मेसेज मले रोज कोन करे?"

"कम्प्युटर, माय."

तृप्ती कानात इयरफोन घालता घालता थांबली.

"म्हंजे?"

"ऑफिसचे रिपोर्ट आपोआप जावे म्हनून प्रोग्रामिंग शिकलो ना मी. त्या प्रोग्रामातच तुहा मेसेजबी टाकून देला. रात झाली का जाते."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन् मी उलट लिवत होती, ते कोन वाचे?"

"तो ऑफिसचा नंबर हाय, माय. त्याच्यावर आलेलं कोनी पाहत नाही."



"म्या लिवलं होतं, डॉक्टर पोटात गाठ हाय म्हनते, तू ये. दुसऱ्या दिवशी तुहा मेसेज आला, जेवलो, बरा आहो. मंग म्या तुले पुन्हा बलावलंच नाही."

"कायची गाठ, माय?"