सावकाश ढकला

— पर मी म्हनतो, तुमी पडलाच कसं गंगाधर सर? नुसता तळहात लावला तर थेट गुलाबाच्या वाफ्यात? बसा की! जलमभर पोरांना बाकावर उभं केलंसा, आता सोता बसा. कमरंला पट्टा हाय, ठावं हाय मला, माज्यामुळंच हाय — बसा, खातो का काय मी तुमाला! आठ दिवसांमागं त्या ताय-चीच्या, चिनी कसरतीच्या बाई, तेजश्रीबाई, काय म्हनल्या व्हत्या? जोडीदाराच्या तळव्याला तळवा लावा आन् सावकाश ढकला. म्हनल्या का न्हाय? मी ढकललं. आता मोहोळच्या तालमीत वाढलेला गडी मी — समोरचा अंगाला हात लावतोय आन् मी श्वास मोजत बसू? वरनं शड्डू ठोकला ती चूक, व्हय, मान्य. हात आपसूक गेला मांडीवर. पर बायकांनी एवढं किंचाळायचं काय कारन?

आन् ह्याला व्यायाम म्हनायचं? वीस-पंचवीस म्हातारी मानसं, हवेत न दिसनारी म्हस धुतल्यागत हात फिरवत्यात — हळू, अजून हळू, पाय उचला, थांबा. ह्यानं म्हनं गुडघं सुदारत्यात, तोल येतो, बीपी उतरतं. माजं तर बगूनच चडलं! पर खोटं कशाला बोलू — तीन आटवड्यात उभ्या उभ्या चप्पल घालाय लागलो मी. भितीला न धरता. कुनाला सांगू नका.

तर आता बाई अडून बसल्यात — सर हो म्हनले तरच तुमाला परत घेते. मग टाका की एक सबूद! माजं काय अडलंय? कायबी न्हाय. दिपक, आमचा पोरगा, म्हन्लाय — आप्पा, एका पायावर धा आकडं उभं ऱ्हाऊन दाखवा, मग खुशाल गावाकडं एकटं ऱ्हावा. तवर हितं चौथ्या मजल्यावर. चार महिनं झालं सर, गॅलरीत हुबा ऱ्हाऊन लोकांच्या पान्याच्या टाक्या मोजतोय. त्याला वाटतंय गावाकडं मला शेजारच्या चनबसप्पाच्या बैलानं पाडलं. मीच सांगितलं तसं. कसला बैल! बैल गोठ्यात व्हता. मी सपाट वावरात नुसता मागं वळलो — आन् पडलो. दुपारपतुर उताना. हाक न्हाय मारली. रावसाहेब पैलवान पडलाय, उचला रे, असं वरडायचं व्हय?

... असं बगू नका माज्याकडं! दया-बिया नको मला. तोल पक्का हाय माजा, ह्यो बगा — उचलला पाय. एक. दोन. बगताय न्हवं? तीन. माफी? माफी न्हाय मागनार मी, आधीच सांगून ठिवतो. चार. बाईंना सांगायचं तर सांगा, न्हाय तर जावा घरी, पाच, तुमच्यावाचून काय नडलंय माजं, जावा की — ओ! ओ सर, उठू नका! बसा! तुमच्या खांद्याला धरलंय मी —