नऊच्या आत मशीन बंद

विरेश : अव्वा, वॉशिंग मशीनला मी लावलेला स्मार्ट प्लग कुठाय? बोर्डाजवळ नुसती वायर लोंबतीय.

चंद्रव्वा : ज्वारीच्या डब्यात हाय.

विरेश : डब्यात?

चंद्रव्वा : गिझरचा बी तितंच हाय. पूजेच्या खोलीतला बल्ब, मीटरच्या पेटीत तू बसवलेलं ते पांढरं डबडं, समदं तितंच. चहा घे आधी. पुण्यापासनं एसटीत बसून आलास.

विरेश : म्हणून माझ्या फोनवर घर बंद दिसत होतं! तुझा फोन लागेना, अप्पा उचलेनात. काय काय आलं माझ्या मनात, तुला काय माहीत. रजा टाकून पळत आलो. कोणी काढलं हे?

चंद्रव्वा : ह्यांनी.

विरेश : अप्पांनी? त्यांना फोनचा आवाज कमी करता येत नाही!

चंद्रव्वा : स्टुलावर चढले, मेन बंद केलं आन् काढलं. मी खाली टॉर्च धरून उभी.

विरेश : अगं पण का? दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली मी. नवीन स्मार्ट मीटर आलाय, तर म्हटलं घराला जोडून देऊ. दिवसा वीज स्वस्त पडते, म्हणून मशीन सकाळी नऊनंतरच सुरू होईल असं करून ठेवलं. गिझर जास्त वेळ चालला की आपोआप बंद. तुम्हाला कशाला हातसुद्धा लावायला नको.

चंद्रव्वा : व्हय. नऊच्या आत मशीन बंद. ते कळलं आमाला.

विरेश : मग एवढी घाई कसली असते? दोघांचे कपडे ते किती!

चंद्रव्वा : चहा गार व्हायलाय.

विरेश : रोज पहाटे कोणीतरी मशीनचं बटण दाबायचं. मला तिकडं पुण्यात फोनवर दिसायचं ना. दाबलं, बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. हसूच यायचं मला. म्हणून तर घरच्या ग्रुपवर टाकलं.

चंद्रव्वा : काय टाकलास, म्हण की एकदा तोंडानं.

विरेश : गंमत होती गं. 'अव्वाची पहाटे मशीनशी कुस्ती.'

चंद्रव्वा : आन् त्येच्यावर जावईबापूंनी काय लिवलं?

विरेश : सिद्धलिंगदाजींचं काय घेऊन बसलीस. 'सासूबाई, अंधारात काय धुताय, चोरीचा माल हाय का?' शिवानीताईनं हसरी तोंडं टाकली. सगळेच हसले. तू त्यावरून चिडलीस होय?

चंद्रव्वा : मी कशाला चिडू? ह्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्यांदा वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला आन् म्हणाले, सगळ्यांना कळलं गं.

विरेश : काय कळलं?

चंद्रव्वा : हळू बोल. मागं झाडांना पाणी घालायलेत ते.

विरेश : अव्वा, काय कळलं?

चंद्रव्वा : त्येंना रात्री समजत न्हाय रे आता. झोपेतच होतं. गादीवर मेणकापड घातलंय मी, पर पांघरूण भिजतंयच. आपली सोलापुरी चादर म्हायती हाय की तुला, कोरडी असली तरी केवढी जड. भिजली की मला एकटीला पिळवत न्हाय. म्हणून मशीन. उजाडायच्या आत धुवायची, मागच्या दोरीवर टाकायची, वरनं माझी साडी. शिवबाई भांड्याला यायच्या आत समदं आवरलेलं.

विरेश : कधीपासून हे?

चंद्रव्वा : दसऱ्याच्या आधीपासनं.

विरेश : म्हणजे मी दिवाळीला आलो तेव्हा...

चंद्रव्वा : तेव्हा रात्रभर खुर्चीत बसायचे. झोप येत न्हाय, टीव्ही बघतो म्हणून सांगितलं तुला. तू बाजूच्याच खोलीत झोपलेलास की.

विरेश : आणि मशीन बंद पडल्यावर?

चंद्रव्वा : काय करणार? हातानं. गिझर लावावं तर ते बी मधेच बंद. गार पाण्यात एक टोक मी धरलं, एक त्येंनी. पीळ घालता घालता रडायला लागले. मार्केट यार्डात जन्म गेला, पर धोतरावर कधी डाळीचा कण दिसू दिला न्हाय त्या माणसानं.

विरेश : मला एक फोन करायचास ना गं!

चंद्रव्वा : शपथ घातली त्येंनी. गळ्यातल्या इष्टलिंगाची. विरेशला कळता कामा नये म्हणाले. आज मोडली मी. होगली बिड, जाऊ दे.

विरेश : अव्वा, मी ऑफिसात शेजारच्या पोराला बोलावून दाखवलं ते. बघ, आमची आई कशी मशीनच्या मागं लागलीय म्हणून. माझा बाप गार पाण्यात चादर पिळत होता आणि मी हसत होतो. थू माझ्यावर.

चंद्रव्वा : गप. यायलेत ते. तोंड पूस. आन् तुला कायबी म्हायती न्हाय, कळलं?

(मागचं दार उघडतं. मल्लिनाथ आत येतात.)

मल्लिनाथ : आलास?

विरेश : हो, अप्पा. आत्ताच.

मल्लिनाथ : तुझं सामान डब्यात ठेवलंय. काही मोडलेलं नाही. जाताना घेऊन जा.

विरेश : अप्पा, चूक माझी झाली. तुम्हाला न विचारता नियम लावले मी. घर तुमचं, मशीन कधी लावायची ते मी कोण ठरवणार? आणि ग्रुपवरचं ते आत्ता काढून टाकतो.

मल्लिनाथ : आता काढून काय उपयोग? वाचलं सगळ्यांनी.

विरेश : वाचलं, पण कोणाला काही कळलेलं नाही. खरंच.

मल्लिनाथ : तुला?

विरेश : अप्पा, आधी चहा घ्या.

मल्लिनाथ : सांगितलंस ना गं?

चंद्रव्वा : सांगितलं. शपथेचं पाप माझ्या डोक्यावर. गार पाण्यानं माझी बोटं वळंनात ओ. किती दिवस झाकून ठेवू?

मल्लिनाथ : विरेश, जरा तिकडं तोंड कर. असा बघू नकोस माझ्याकडं.

विरेश : केलं, अप्पा. पण लाज मला वाटायला पाहिजे. तुम्हाला कशाला?

मल्लिनाथ : हे बोलायला सोपं आहे. मला वाटते ती वाटतेच. ते वाचल्यापासून फाटकाबाहेर गेलो नाही मी. पूजेला बसतो, इष्टलिंग हातावर घेतो आणि मनात येतं, ह्या हातांनी?

चंद्रव्वा : आपल्या लिंगायतांत कुटं विटाळ मानत्यात? सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

विरेश : डॉक्टरांना दाखवू. याला औषध असतं, अप्पा. वयात होतं असं कुणालाही.

मल्लिनाथ : सोलापुरात नको. निम्मं गाव ओळखीचं.

विरेश : मग पुण्याला चला. मी बरोबर आत येतो. नाहीतर बाहेर बसतो. तुम्ही म्हणाल तसं.

मल्लिनाथ : बाहेर बस.

विरेश : बसतो. आणि हे सगळं मी घेऊन जातो. पुन्हा नाही लावणार.

मल्लिनाथ : पूजेच्या खोलीतला दिवा लावला की तुला तिकडं दिसायचं, नाही का?

विरेश : हो. अप्पा उठले, असं कळायचं. मग मीही उठायचो.

मल्लिनाथ : मला ठाऊक होतं. दिवा लावताना रोज वाटायचं, पोराला आता कळलं असेल. बरं वाटायचं. बोललो नाही कधी.

विरेश : मग तेवढा बल्ब लावून जाऊ? मशीनला आणि मीटरला हात लावत नाही.

मल्लिनाथ : सगळं लाव. वीज किती जाते ते कळायला पाहिजेच की. फक्त ते नऊचं काढून टाक.

विरेश : काढतो.

मल्लिनाथ : आणि विरेश... दिवा लागायच्या आधीचं तेवढं बघू नकोस.