डाव्या हाताचा गिअर

वीर्ला: पुन्हा सांगा काका. काय लावायचंय?

सिरील: बॅटरीवाले गिअर. बटणाचे. नीट ऐकलंयस तू, उगाच दुसऱ्यांदा वदवून घेऊ नकोस.

वीर्ला: म्हणजे क्लबात ज्यांना ‘सायकल आहे की दाराची बेल’ म्हणून चिडवता, ते?

सिरील: माणसाचं मत बदलतं.

वीर्ला: तुमचं बदललेलं मी तरी पाहिलं नाही.

सिरील: बापाचं दुकान चालवतेस ना? मग गिऱ्हाइकाशी भांडू नकोस. फरक सांग आणि मागव.

वीर्ला: फरक सोपा आहे. तुमच्या सायकलीवर लिव्हर दाबली की तार ओढली जाते आणि चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते. सगळा जोर बोटांचा. बॅटरीवाल्यात बटण नुसता हुकूम देतं, ढकलायचं काम चेनपाशी बसलेली मोटर करते. बोटांवर काहीच जोर पडत नाही.

सिरील: तेच हवंय.

वीर्ला: का?

सिरील: का म्हणजे? हवंय.

वीर्ला: आल्यापासून डावा हात खिशात का आहे तुमचा?

सिरील: तुला ना, पोलिसात घ्यायला हवं होतं. ...रविवारी म्यूरचा चढ संपला आणि चेन मोठ्या चक्रावर चढेना. डाव्या लिव्हरवर चारही बोटं लावली, तरी नाही. क्लबाचा घोळका गेला निघून. उजवी झटक्यात चालते. महिना झाला याला. सकाळी फार, दुपारपर्यंत हात सुटतो.

वीर्ला: सकाळी.

सिरील: तुझ्या बापाचं, ऑक्तावचंही असंच सुरू झालं होतं. डाव्या हातापासून. तू लहान होतीस.

वीर्ला: चौदा वर्षांची होते. बाबांच्या शर्टाची बटणं मीच लावायचे. डॉक्टरांकडे गेलात?

सिरील: गेलो तर त्याच आजाराचं नाव सांगतील. घराण्यातून येतं म्हणाले होते ना तेव्हा? सख्खा भाऊ आहे मी त्याचा.

वीर्ला: आणा ती सायकल. स्टँडवर लावू दे... थोडी जड आहे, पण चढतेय की चेन.

सिरील: बघ. तुझ्या हाताला चढते. म्हणजे सायकल निर्दोष.

वीर्ला: तुम्ही दाबा.

सिरील: चढली. पण आता दोन वाजलेत. म्हटलं ना, दुपारी सुटतो.

वीर्ला: रात्री सायकल कुठे असते?

सिरील: बागेतल्या शेडमध्ये. आणखी कुठे, माझ्या उशाशी?

वीर्ला: आणि आज मोटारीत घालून आणलीत. गरम मोटारीतून गरम दुकानात. काका, सकाळी तुमचा हात गार असतो आणि सायकलही गार असते. दुपारी दोघंही तापतात. मग अडतंय कोण, हे कळणार कसं?

सिरील: मला कळलंय.

वीर्ला: नाही कळलेलं. दोघांना वेगळं करून बघू. सायकल इथे उबेत राहू दे. तुम्ही हात त्या पंक्चरच्या बादलीत घाला, पाणी अंगणातल्या नळाचं आहे.

सिरील: फेब्रुवारीत? किती वेळ?

वीर्ला: शिव्या द्याव्याशा वाटेपर्यंत. त्यावर आणखी दोन मिनिटं.

सिरील: पहिल्या क्षणापासून वाटताहेत. ...बस, बोटं माझी राहिली नाहीत.

वीर्ला: आता दाबा.

सिरील: चढली. थांब, पुन्हा. चढली! दोन बोटांत चढली, वीर्ला!

वीर्ला: अर्धंच झालंय, एवढ्यात नाचू नका. आता उलट. सायकल अंगणात आणि तुमचा हात हीटरपाशी. तोवर डब्यातले माटेनटार्ट खा, ताजे भाजलेत.

(तासाभराने, दुकानामागच्या अंगणात.)

सिरील: हात भाजून निघालाय, तरी हलत नाही ही!

वीर्ला: सरका. ...माझ्यानेही नाही. काका, माझ्यानेही चढत नाही!

सिरील: अगं ओरडू नकोस, शेजारीण बघतेय.

वीर्ला: बघू दे. काय केलंत या तारेला?

सिरील: काही नाही. ऑक्टोबरात ही डावी तेवढी तुटली म्हणून नवी घातली, तिच्यावरची नळीही नवी. आणि नळीत ग्रीस भरलं, ठासून.

वीर्ला: कुठलं?

सिरील: ट्रॅक्टरच्या चाकाचं. अर्धा डबा उरला होता.

वीर्ला: काका!

सिरील: तुझ्या बापानेच शिकवलंय.

वीर्ला: ते जुन्या, नुसत्या लोखंडी नळीला. या नळीला आतून गुळगुळीत प्लॅस्टिक असतं, तार कोरडीच सरकते. हे ग्रीस या महिन्यासारख्या कडक गारठ्यात मेणासारखं घट्ट होतं आणि तारेला धरून ठेवतं. दुपारी सैल. तुमचा हात नाही सुटत दुपारी, ग्रीस सुटतं.

सिरील: म्हणजे हाताला काही नाही?

वीर्ला: हाताचं डॉक्टर सांगतील, तिथे जाच एकदा. मी सायकलीचं सांगते. महिनाभर तुम्हाला अडवलं ते या नळीने.

सिरील: जरा बसतो मी. ही पेटी रिकामी आहे ना?

वीर्ला: बसा. तार आणि नळी दोन्ही बदलते. टोकं सरळ कापते, चेपलेलं तोंड सुईने उघडते आणि हँडलखालचं वळण जरा मोकळं ठेवते. तार जितकी कमी घासेल तितकी बोटं हलकी.

सिरील: ठेव.

वीर्ला: आणि बटणाचे? मागवू?

सिरील: नको, तारच राहू दे. बटणाला जोर लागत नाही. पुढे कधी हात खरंच जायला लागला, तर मला कळणार कसं?

वीर्ला: म्हणूनच माझ्या सायकलीलाही तारच आहे, काका.